गुलमर्गसाठी स्नोबोर्ड: लांबी-रुंदी किती?

वजन 75 किलो, बूट यूएस 11. दोन्ही कडांवर वळणं जमतात. कोणता बोर्ड घ्यावा?

प्रतिसाद १: लांबी उंचीवर नाही, वजनावर ठरवा. तुम्हाला 157 ते 160 सेंमी. खरा प्रश्न रुंदीचा आहे: 11 च्या बुटाला बोर्डची कंबर (मधला सर्वात अरुंद भाग) 26 सेंमीच्या आसपास हवी. अरुंद घेतलात तर खोल वळणात बुटाचं टोक बर्फात घासतं, कड सुटते आणि माणूस आपटतो.

प्रतिसाद २: सहमत. गुलमर्गच्या अफरवट शिखरावर भुसभुशीत बर्फ खोल असतो, म्हणून पुढे रॉकर (वर वळलेला आकार), पायांखाली कँबर (मधे उचललेली कमान). फ्लेक्स (बोर्डचा कडकपणा) 10 पैकी 5-6. पूर्ण रॉकर नकोच, कडक बर्फावर पकड राहत नाही.

प्रतिसाद ३: जुनं बाइंडिंग (बूट बोर्डला बांधणारा भाग) वापरणार? बर्टन कंपनीच्या बोर्डवर बाइंडिंग बसवायला चॅनेल म्हणजे लांब खाच असते; तिला चालणारी डिस्क (बाइंडिंग बोर्डला जोडणारी चकती) लागते, आधी तपासा.