देवमाशाचा घोटा आणि कान

देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालत होते हा निव्वळ तर्क आहे, असे मत काही जण मांडतात. परंतु याचे उत्तर प्रत्यक्ष हाडांतच मिळते, म्हणून थोडी भर घालतो. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा, आजच्या पाकिस्तानात सापडलेला पाकिसीटस हा लांडग्याएवढा चार पायांचा प्राणी होता, पण त्याच्या मध्यकर्णाभोवतीच्या हाडाची आतली कड जाड आणि भरीव आहे, आणि ही ठेवण देवमाशांची ओळखखूण मानली जाते. घोट्याचे हाड मला त्याहूनही बोलके वाटते: २००१ साली वर्णन झालेल्या आद्य देवमाशांच्या जीवाश्मांत या हाडाच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच दिसते, जशी ती हरीण, गाय, डुक्कर अशा समखुरी (पायाला समसंख्य खूर असलेल्या) प्राण्यांत असते. त्याआधी दातांच्या साम्यावरून मेसोनिकिड या मांसाहारी खुरी प्राण्यांच्या नामशेष गटाला देवमाशांचे पूर्वज मानले जाई. जनुकीय पुरावा मात्र पाणघोड्याकडे बोट दाखवत होता, आणि अखेर हाडांनीही समखुरींच्याच बाजूने साक्ष दिली. जम्मूतील कालाकोट परिसरात सापडलेला इंडोहायस हा लहानसा खुरी प्राणी तर देवमासा नव्हेच, तरीही त्याच्या कानात तीच जाड कड आहे आणि त्याच्या पायांच्या हाडांचे बाह्य कवच पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखे जाड आहे.