ताईला किडनी देतोय, काय बघून ठेवू?

तासगावकर: ताईचं डायलिसिस सांगलीत चालू आहे. दाजींचा रक्तगट जुळेना, माझा जुळतोय. वय ३८, द्राक्षबाग आहे, क्रेट उचलायचं काम. आई म्हणते, एका किडनीवर पोराचं कसं व्हायचं?

मिरजवाली: मी नवऱ्याला दिलीय. दुर्बिणीतून काढतात, बहुतेकदा डावी. उरलेली जास्तीचं काम अंगावर घेते, तरी एकूण क्षमता आधीच्या ६०-७० टक्क्यांवर येते. तपासण्यांचा मात्र वैताग. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून फ्रिजमध्ये ठेवली, तर सासूबाईंनी दही, विरजण सगळं बाहेर काढलं! नंतर निदान सहा आठवडे क्रेटला हात लावू नका, हर्नियाची भीती असते. अंग दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घ्यायची सवय असेल तर ती कायमची बंद. दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं.

कृष्णाकाठ: सख्खी भावंडं अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याने जवळचे नातेवाईक. चुलत-मावस असता तर परवानगी समितीपुढे जावं लागलं असतं. नात्याचे कागद आत्ताच गोळा करा. वहिनींना विचारलंत का?

तासगावकर: तिचा होकार आहे. ऑक्टोबर छाटणीआधी उरकावं म्हणतोय.

मिरजवाली: छाटणी मजूर करतील हो. आणि मनात नसेल तर ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही म्हणता येतं, हे आईंना सांगा.