नदीच्या दुर्गम दरीत मुक्कामी जाताना गट किती जणांचा असावा?

उतरण (चर्चाप्रस्ताव)

नदीने खोल कोरलेल्या, गाडीरस्ता नसलेल्या आणि पायवाटांवर खुणाही नसलेल्या दरीत सगळे सामान पाठीवर घेऊन तीन रात्री राहण्याचा आमचा बेत आहे. दहा जण यायला तयार आहेत. माझे मत असे की सहापेक्षा अधिक जणांनी जाऊ नये. निम्म्या मंडळींना ते पटलेले नाही, म्हणून माझी कारणे येथे सविस्तर मांडतो.

डोंगरावर दमलेला माणूस मागे वळला की उतार त्याला मदत करतो. दरीत मात्र आपण पहिल्या दिवशी ताज्या पायांनी उतरतो आणि सर्वांत मोठा चढ शेवटच्या दिवशी, थकलेल्या आणि कदाचित दुखऱ्या पायांनी चढतो. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, असे ग्रँड कॅन्यनचे प्रशासन पर्यटकांना सांगत असते. त्यामुळे दरीतल्या सफरीची आखणी शेवटच्या दिवसापासून मागे मागे करत यावी लागते. आधी बाहेर पडण्याची चढण निवडायची, तिच्या पायथ्याशी किंवा जवळ शेवटचा मुक्काम ठरवायचा आणि उरलेल्या वेळात पात्रातून किती अंतर कापता येईल ते त्यानंतर पाहायचे.

हे अंतर आपल्या अंदाजापेक्षा नेहमीच कमी निघते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजूनही वापरला जातो: साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. तो बऱ्या वाटेवरून हलक्या ओझ्याने चालणाऱ्या धडधाकट माणसासाठी आहे. ओल्या धोंड्यांवरून आणि पडलेल्या झाडांखालून जड सॅक घेऊन जाताना ताशी एक किलोमीटर झाले तरी पुष्कळ. त्यातही अडचणीच्या जागा एकेकानेच ओलांडाव्या लागतात. प्रत्येकाला तीन मिनिटे धरली, तर सहा जणांना अठरा मिनिटे लागतील आणि दहा जणांना तीस. दिवसभरात अशा पंधरा जागा आल्या, तर केवळ माणसे अधिक असल्यामुळे तीन तास जातील. दरीत ऊन उशिरा उतरते आणि लवकर जाते, तेव्हा हे तीन तास उजेडातलेच कमी होणार.

मुक्कामाच्या जागेचेही तसेच आहे. पाण्यापासून साठ मीटर दूर आणि पुराच्या खुणांच्या वर तंबू लावायचा म्हटले, तर अरुंद दरीत सपाट जागा क्वचितच सापडते. तेथे तीन तंबू कसेबसे बसतील, पाच बसणार नाहीत.

धोंडेवाट

आपला हिशेब नीट आहे. मात्र सगळे सुरळीत पार पडेल हे त्यात गृहीत धरलेले दिसते. दरीत माझी पहिली भीती वेळेची नसते, दुखापतीची असते. घोटा मोडला आणि निरोप पोहोचत नसला, तर एकाने जखमीजवळ थांबायचे आणि दोघांनी मदतीसाठी वर जायचे. सहा जणांत मग दोघेच उरतात आणि तंबू, पाणी, चूल, जखमीचे सामान हे सगळे त्यांच्यावर येते. दहा जण असतील तर ही ओढाताण होत नाही.

वाहते पाणी ओलांडतानाही मोठ्या गटाचा फायदा होतो. न्यूझीलंडमधील पदभ्रमंतीत शिकवली जाणारी, एकमेकांच्या सॅकचे पट्टे धरून रांगेने पाणी ओलांडण्याची पद्धत पाहा. धिप्पाड माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभा राहतो, बाकीचे त्याच्या आडोशाने चालतात, आणि एकट्यादुकट्याला पाडणारा प्रवाह चार-पाच जणांच्या रांगेला पाडू शकत नाही. दहा जणांत अशा दोन रांगा होतात. पहिली पार होत असताना दुसरी खालच्या अंगाला मदतीसाठी उभी राहू शकते.

शिवाय ज्या प्रशासनांनी अशा दऱ्या वर्षानुवर्षे सांभाळल्या आहेत, त्यांचे नियमही पाहावेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातील लिनव्हिल दरीत गटाची मर्यादा दहाची आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये सात ते अकरा जणांच्या गटांसाठी वेगळ्या जागा राखलेल्या असतात. नामिबियातील फिश रिव्हर कॅन्यनमध्ये तीनपेक्षा कमी जणांना सोडत नाहीत आणि वरची मर्यादा तीसची आहे. दहा ही संख्या त्यांना धोकादायक वाटत नाही, मग ती आपल्याला का वाटावी?

उतरण

या मर्यादांचा आपण लावलेला अर्थ मला मान्य नाही. अमेरिकेतील बहुतेक वन्यप्रदेशांत गटाची कमाल संख्या ठरवताना माती तुडवली जाणे, मुक्कामाच्या जागा वाढत जाणे आणि इतरांचा एकांत मोडणे यांचा विचार मुख्यतः केलेला असतो. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्यातच एकांताची संधी हा अशा प्रदेशाचा एक गुण म्हणून नोंदवलेला आहे. यापेक्षा अधिक माणसे जमिनीला सोसवत नाहीत, एवढेच ही मर्यादा सांगते. दहा जणांचा गट सुखरूप राहील अशी हमी त्यात नाही. फिश रिव्हरचेच उदाहरण घ्यायचे, तर तेथील सुमारे पंच्याऐंशी किलोमीटरची वाट केवळ १ मे ते १५ सप्टेंबर या काळात खुली असते आणि वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय उतरू देत नाहीत. त्यांच्या नियमांतली सोयीची संख्या घ्यायची आणि जाचक अटी वगळायच्या, हे बरोबर नाही.

मोठा गट असला की जखमीला वाहून नेता येईल असे कोणाला वाटत असेल, तर स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा जण लागतात आणि खडबडीत वाटेवर दर काही मिनिटांनी त्यांना सोडवायला तेवढेच ताजे गडी लागतात. म्हणजे दहा जणांतही हे जमत नाही. धोंड्यांच्या पात्रातून हौशी माणसांनी जखमीला हलवूच नये. त्याला ऊबदार आणि कोरडा ठेवून निरोप पाठवणे हेच खरे काम आहे. उपग्रहावरून निरोप पाठवणारे यंत्र दरीच्या तळाशी आकाशाचा अरुंद पट्टाच पाहू शकते, तेव्हा निरोप जायला वेळ लागेल किंवा कोणाला तरी वर चढावे लागेल, हे मी मान्य करतो. त्यासाठी दोघे पुरतात.

घनफूट

आपण दोघे माणसे मोजत आहात आणि नदीचे पाणी कोणीच मोजत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानातील ‘नॅरोज’ ही नदीपात्रातूनच जाणारी वाट प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की बंद करतात. वरच्या टोकापासून उतरण्याचा परवाना तर १२० घनफुटांच्या वर देतच नाहीत. याला कारण आहे. वाहत्या पाण्याचा पायांवरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. काल गुडघाभर पाण्यात आरामात उभा राहिलेला माणूस आज तेवढ्याच खोलीत उभा राहू शकत नाही, आणि तेथे रांगेत पाच जण आहेत की दहा, याने फारसे बिघडत किंवा सुधारत नाही.

दुसरे असे की डोक्यावरचे आकाश पाहून दरीतला निर्णय घेता येत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस कित्येक किलोमीटर दूर, पाणलोटाच्या वरच्या भागात पडला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधीलच कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा गट गेला. सातही जण मरण पावले. त्या दिवशी अचानक पूर येण्याची शक्यता असल्याचा इशारा दिलेला होता. सात ही संख्या आपल्या सहा आणि दहा यांच्या दरम्यान येते, एवढे लक्षात आणून देतो.

माझी सूचना अशी की आपल्या नदीसाठी एक आकडा निघण्यापूर्वीच कागदावर लिहावा. प्रवाहमापक असेल तर त्याचे माप लिहावे आणि नसेल तर उतरण्याच्या जागेजवळच्या एखाद्या ठळक खडकावर पाणी कोठवर आले की परत फिरायचे, ते लिहावे. नदीवर वर धरण असेल तर पाणी सोडण्याचे वेळापत्रकही पाहावे. निरभ्र दिवशीही पात्र भरू शकते.

मूकसंमती

घनफूट यांच्या सूचनेला एक जोड देतो. आकडा लिहिला तरी तो पाळायचा कोणी? दहा जणांच्या गटात ज्याला भीती वाटते तो बोलत नाही, कारण बाकीचे नऊ जण शांत असतात, आणि त्या नऊ जणांतले चौघेही याच कारणासाठी शांत असतात. चार-सहा जणांत असे गप्प राहणे अवघड जाते. माझ्या दृष्टीने लहान गटाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा हा आहे आणि धागाकर्त्याने नेमका तोच मांडलेला नाही.

पाठराखण

मला एक अप्रिय प्रश्न विचारायचा आहे. दहांतले सहा निवडायचे तर ते निवडणार कोण, आणि वगळले जाणारे चौघे कोण असतील? सावकाश चालणारे, नवखे आणि गुडघ्याची तक्रार असलेले, हे उघड आहे. ज्यांना नको म्हणायचे धाडस होत नाही त्यांना अठरा आणि तीस मिनिटांचा हिशेब दाखवून बाहेर काढले जाते, असे मी पाहिले आहे. कोणी येऊ नये असे वाटत असेल तर ते त्याला कारणासह सांगावे. संख्येच्या आड लपू नये.

आणि सावकाश चालणाऱ्यांना नेणे शक्य नाही असेही नाही. पाच-पाच जणांचे दोन चमू करा. दोन्ही स्वयंपूर्ण असावेत आणि दोघांत एका दिवसाचे अंतर ठेवावे. दोन्ही चमूंनी एकाच रात्री एकाच जागी राहायचे आणि कागदावर मात्र वेगळे गट दाखवायचे, ही पळवाट काढू नये. ग्रँड कॅन्यनमध्ये एकाच गटाने एका रात्रीसाठी एकाच भागाचे अनेक परवाने घ्यायला स्पष्ट मनाई आहे, आणि ती योग्य आहे.

उतरण

पाठराखण यांचा आक्षेप तिखट असला तरी गैरलागू नाही. मात्र दोन चमूंच्या तोडग्यात एक खोट आहे. आमच्या दहा जणांत नकाशा आणि होकायंत्र यांवर खऱ्या अर्थाने हुकमत असलेले दोघेच आहेत. खुणा नसलेल्या वाटेवर एकेका चमूला असा एकच माणूस मिळाला आणि जखमी तोच झाला, तर उरलेल्या चौघांनी काय करायचे? सहाच्या एका गटात ते दोघेही असतात.

धोंडेवाट

वाट शोधणारा दुसरा माणूस तयार करायला निघण्यापूर्वीचे काही आठवडे पुरतात. वेळ नसेल तर सफर पुढे ढकला. दोन चमूंची कल्पना मला पटते, पण एका दिवसाच्या अंतराने नव्हे. दोन्ही चमूंना दरीच्या विरुद्ध टोकांकडून आत सोडा. दुसऱ्या दिवशी मध्यावर भेट होईल आणि तेथे गाड्यांच्या किल्ल्यांची अदलाबदल करता येईल. दोन टोकांना दोन गाड्या नेऊन ठेवण्याचा अर्ध्या दिवसाचा खटाटोप त्यामुळे वाचतो.

याहून मोठा लाभ माहितीचा आहे. पुढची वाट कशी आहे, हे ती कालच चालून आलेल्या माणसांकडून कळते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने लिनव्हिल दरीत इतकी पडझड केली की ती बंद ठेवावी लागली. अशा आपत्तीनंतर जुन्या नकाशावरची रेघ जमिनीवर सापडेलच असे नसते. दरड कोठे आली आहे, कोणता उतार सुटला आहे, हे अलीकडच्या पावलांनाच ठाऊक असते.

उतरण

ही रचना मला विचार करण्यासारखी वाटते, परंतु दोन अटींवर. दोर, पाणी गाळण्याचे साधन, चूल, औषधे आणि निरोपाचे यंत्र या प्रत्येक वस्तूचा पूर्ण संच दोन्ही चमूंकडे असावा. ‘ते आणतील’ हे वाक्य आखणीत कोठेही येऊ नये. दुसरी अट अशी की भेट झाली नाही तरी कोणाचेही पुढचे चालणे अडता कामा नये. प्रत्येक गाडीची जादा किल्ली दुसऱ्या चमूकडे आधीपासून द्यावी. भेटीच्या जागी ठरलेल्या वेळेपर्यंत थांबावे. त्यानंतर समोरचे परत फिरले असे धरून आपणही आपल्या आधीच ठरवलेल्या वाटेने निघावे.

धोंडेवाट

किल्लीचे मान्य, थांबण्याचे नाही. पाच माणसे ठरल्या वेळी आली नाहीत आणि मी ‘परत फिरली असतील’ असे म्हणून चढणीला लागलो, हे माझ्याच्याने होणार नाही. किमान दोघांनी रिकाम्या पाठीने तासभर त्यांच्या दिशेने जाऊन पाहावे.

उतरण

तासभर जायचे म्हणजे तासभर परत यायचे, आणि मग तिन्हीसांजेला आपल्याच गटाचे दोन तुकडे झालेले असतील. ते कोठे अडकले हे ठाऊक नसताना शोध घ्यायला निघणे मला मान्य नाही. निरोपाच्या यंत्रावरून विचारावे, उत्तर आले नाही तर ठरलेल्या मुदतीनंतर बाहेरच्या माणसाने बचावपथकाला कळवावे. ही मुदत लिहून मागे ठेवलेली असलीच पाहिजे.

घनफूट

हा वाद मिटवण्यापूर्वी नकाशा पुन्हा उघडून एक गोष्ट तपासा. दोन टोकांच्या दोन्ही वाटा नदीच्या एकाच काठाने येतात का? तशा येत नसतील, तर भेटीच्या जागी दोन चमूंच्या मध्ये नदी असेल आणि पाणी वाढले असल्यास किल्ल्या दूरच राहिल्या, एकमेकांचे बोलणेही ऐकू येणार नाही.