मदत हवी आहे: ट्रॅक्टर १४ वर्षं चालवलं, नव्या कारचा क्लच काही जमंना

काळीमाती२४:

राम राम मंडळी. रेणापूर तालुक्यातून लिहायलोय, मोबाईलवर टाईप करतोय तर चुका समजून घ्या. दसऱ्याला गाडी घेतली, घरातली पहिली कार, पेट्रोल, पाच गिअर, मॅन्युअल, सगळ्यात खालचं मॉडेल. थोडे सोयाबीनचे थोडे कर्जाचे असं करून जमवलं. शोरूममधून मेव्हण्यानं चालवत आणली, मी शेजारी पेढ्याचा बॉक्स मांडीवर धरून बसलेलो, अन् मनात एकच की आपल्याला काय अवघड आहे, ट्रॅक्टर १४ वर्षं चालवलंय, रोटावेटर झालं, पेरणी झाली, उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावून कारखान्याच्या रांगेत रात्र रात्र काढल्यात, ही तर खेळणं.

त्या खेळण्यानं पार इज्जत काढलीय. जागेवरून उचलताना पाचात तीन वेळा बंद पडायलीय. नाही पडली तर बेडकावानी उड्या मारत जाते. पहिला टाकताना मधूनच कर्रर्र आवाज येतो, रिव्हर्सला तर येतोच येतो. परवा गोठ्यापुढून मागं घेताना एवढा जळका वास सुटला की माय चुलीवरचं दूध बघायला आत पळाली.

सोमवारी धाडस करून लातूरला नेली, मेव्हणा शेजारी. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात हे शाळेपासून ऐकत आलोय, त्या दिवशी मोजायला टाईम मिळाला. एकाच जागी चार वेळा बंद. चहूकडून रिक्षावाले हॉर्न मारायलेत, एक केळीवाला गाडा बाजूला लावून खिडकीपाशी आला अन् म्हणला, "मालक, दोर आणू का?" मेव्हणा दुसऱ्या खिडकीकडं तोंड करून हसायला. घरापर्यंत मग त्यानंच आणली.

लायसन आहे, एलएमव्हीचं, २०१३ सालचं. तवा मोटार स्कूलची गाडी महिनाभर चालवलेली, तिथं एकदाही बंद पडली नव्हती, हे कसं काय तेबी कळंना.

अडचण अशी की कार्तिकी पौर्णिमेला मायला अन् मावशीला कपिलधारच्या जत्रेला नेतो म्हणून कबूल होऊन बसलोय. दर साली माय जीपमधी दाटीवाटीत जाते, औंदा सगळ्या आळीला सांगून आलीय की लेकाच्या गाडीत जाणार. तिथं खाली उतरायचं अन् येताना चढ, त्यात गर्दी. चढावर थांबली तर परत उचलायची कशी? मागं सरकली तर मागं माणसं असणार. वीसेक दिवस हातात आहेत. शोरूमवाल्याला फोन केला तर म्हणला, "सर, प्रॅक्टिस करा." प्रॅक्टिसच करायलोय की, पण नेमकी कशाची करू?

टॉपगिअर:

ऑटोमॅटिक घ्यायची होती राव. आजकाल मॅन्युअल कोण घेतंय.

काळीमाती२४:

वरचे पैसे तुम्ही भरणार असता तर घेतली असती दादा.

पान्हा_परभणी:

गॅरेज आहे आमचं, ट्रॅक्टर अन् कार दोन्हीची कामं करतो. आधी दोन गोष्टी सांगा. तुमच्या ट्रॅक्टरला डबल क्लच आहे का? अन् कारमधी क्लच दाबताना टाच कुठं असते, खाली टेकलेली का हवेत?

काळीमाती२४:

हाव, डबल क्लच. टाच हवेतच असते, वरून वजन दिल्याशिवाय ट्रॅक्टरचा क्लच दबतोय कुठं.

पान्हा_परभणी:

मग सापडलं. तुम्ही नवशिके नाहीत, तुमचा पाय दुसऱ्या शाळेत शिकलेलाय.

डबल क्लचच्या ट्रॅक्टरला अर्ध्यावर पेडल दाबलं की इंजिन अन् चाकांचं कनेक्शन तुटतं, अन् पार खालपर्यंत दाबलं की पीटीओ, म्हणजे रोटावेटर फिरवणारा मागचा दांडा, थांबतो. रोटावेटर नाहीतर थ्रेशर चालू ठेवून नुसतं ट्रॅक्टर थांबवायचं असेल तर तुम्ही अर्ध्यावरच पाय रोखता. चौदा वर्षांत पायाला सवय लागली की अर्धा म्हणजे झालं. कारमधी अर्धा म्हणजे अर्धाच, इंजिन गिअरबॉक्सपासून पुरतं सुटत नाही, म्हणून तुमचा पहिला कर्रर्र करतोय. रिव्हर्सला जास्त वाजतोय कारण बऱ्याच गाड्यांत पुढच्या गिअरांना सिंक्रो, म्हणजे गिअर न वाजता जुळवून घेणारा भाग, असतो अन् रिव्हर्सला नसतो. गाडी पुरती थांबवा, क्लच तळाला टेकवा, मनात दोन आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. आवाज गेला नाही तर माझ्याकडं या, फुकट बघतो.

आता बंद पडायचं. ट्रॅक्टरला तुम्ही हाताची रेस एका जागी लावून ठेवता. लोड आला की गव्हर्नर आपोआप डिझेल वाढवतो अन् आरपीएम पडू देत नाही. वरून डिझेल इंजिन, जड फ्लायव्हील, गिअर तर एवढे खालचे की क्लच एकदम सोडला तरी ट्रॅक्टर गुमान चालायला लागतं. कारचं छोटं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर फिरत असतं, त्यात ताकद किती असणार. कॉम्प्युटर थोडं पेट्रोल वाढवून सांभाळायला बघतो, पण तुम्ही क्लच फटकन सोडला की तोही हात टेकतो. इथं गव्हर्नर म्हणजे तुमचा उजवा पाय.

सीट पुढं घ्या. क्लच तळाला टेकला तरी गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे. टाच मॅटवर टेकवून तिच्यावर पाय फिरवा, मांडीनं नाही, घोट्यानं. पायताण पातळ तळाचं घाला.

अन् तो जळका वास क्लच प्लेटचा. रेस देऊन अर्ध्या क्लचवर जास्त वेळ रेंगाळलात की प्लेट घासते. एकदोनदा आला म्हणून घाबरू नका, पण रोज आला तर पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी खिसा रिकामा होईल.

शाळेतल्या_बाई:

मी नांदेडची, ४१व्या वर्षी शिकले, त्यामुळे हसणार नाही. मोटार स्कूलचं कोडं मी सोडवते. त्या गाडीत सरांच्या पायाखालीसुद्धा क्लच आणि ब्रेक असतो. आपण सोडतोय असं आपल्याला वाटतं आणि निम्मं काम सर करत असतात. मला हे स्वतःची गाडी आल्यावर कळलं, तोपर्यंत मी स्वतःला फार हुशार समजत होते :)

मला माझ्या धाकट्या दिरांनी जे करायला लावलं ते सांगते. सपाट मोकळी जागा बघा, तुमच्याकडं बाजार समितीचं आवार सुट्टीच्या दिवशी मोकळं असेल. पहिला गिअर टाका आणि रेसला अजिबात हात, म्हणजे पाय, लावू नका. नुसता क्लच मुंगीच्या चालीनं सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज जाडा होतो आणि गाडी थरथरते, तिथं पाय गोठवा. गाडी आपोआप रांगायला लागेल. पुरती रांगली की उरलेला क्लच सोडा. मग ब्रेक, क्लच, उभी करा, परत. मी एका संध्याकाळी चाळीसेक वेळा केलं असेल, दुसऱ्या दिवशी पिंडरी दुखत होती पण ती जागा पायाला सापडली ती सापडलीच. रेस त्यानंतर दुसऱ्या दिवशी.

काच खाली ठेवा, गाणी बंद. कानानं लवकर कळतं. आणि भावजींना, म्हणजे मेव्हण्यांना घरी ठेवा. लायसन आहे ना तुमच्याकडं, मग कशाला पाहिजे हसणारा माणूस शेजारी.

थांबतानाचं एक राहिलं. आधी ब्रेक, गाडी अगदी हळू झाली की मग क्लच. मी घाबरून आधीच क्लच दाबायचे आणि गाडी मोकाट पुढं जायची.

बालाघाटचा_पाहुणा:

बीड जिल्ह्यातला आहे, दर साली कपिलधारला जातो. तुम्ही अंबाजोगाई, केज, नेकनूर करत मांजरसुंब्याला येणार. तोपर्यंत काही नाही, गाडी पळती राहते, पळत्या गाडीला क्लचचं काय दुखणं. खरी परीक्षा खाली मंदिराकडं उतरणाऱ्या रस्त्यावर, त्यात पौर्णिमेला पायी दिंड्या असतात, म्हाताऱ्या बायामाणसं रस्त्याच्या मधून चालतात, तिथं हॉर्न वाजवून उपयोग नाही अन् वाजवूबी नये.

उतरताना दुसरा टाकून ठेवा, इंजिनच गाडी धरतं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं असं सांगणारा एक तरी पाहुणा गाडीत असतोच, त्याचं ऐकू नका. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या उताराला गिअरमधी असताना रेस सोडली की पेट्रोल बंद करतात, न्यूट्रलमधी उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं. वरून सगळा भार ब्रेकवर, ते तापले की धरत नाहीत.

चढावर थांबलात की हँडब्रेक खच्चून ओढा अन् दोन्ही पाय निवांत करा. निघायचं तवा पहिला टाका, बाईंनी सांगितलेल्या जागेपर्यंत क्लच आणा, बोनेट जरासं वर उचलल्यावानी दिसतं, आता पाय तिथंच ठेवून थोडी रेस, दीड हजाराच्या वर काटा गेला की हँडब्रेक खाली. गाडी मागं यायचा प्रश्नच नाही, हँडब्रेक सोडायच्या आधीच ती पुढं ओढायलेली असते. पुढच्या गाडीपासून एका गाडीची जागा सोडून थांबा, चढावर सगळेच तुमच्यासारखे नसले तरी निम्मे असतात.

ही प्रॅक्टिस गावातच करा, कॅनॉलच्या पुलाचा चढ असंल की कुठंतरी.

अन् अंधार पडायच्या आत परत फिरा. त्या टायमाला कारखाने सुरू होतात, रस्त्यानं बिनलाईटच्या उसाच्या ट्रॉल्या असतात.

काळीमाती२४:

त्यातल्या दोन ट्रॉल्या आमच्याच होत्या की भाऊ गेल्या साली. औंदा रिफ्लेक्टर लावून घेतो, कारमधी बसल्यावर कळायलंय ते किती दिसत नाही.

सगळ्यांचे आभार. पान्हाभाऊ, तुमचं वाचून खाली गेलो अन् बंद गाडीत बसून क्लच दाबून बघितला. आपण जिथं थांबत होतो तिथून पार खाली अजून चार बोटं पेडल जात होतं! पंधरा दिवस मी अर्धाच क्लच दाबायलो होतो. पुरा दाबून रिव्हर्स टाकला, आवाज नाही.

काळीमाती२४:

नऊ दिवसांनी लिहायलोय. बिनरेसची प्रॅक्टिस बाजार समितीच्या आवारात चार दिवस केली, पहिल्या दिवशी हमाल लोकं चहा घेऊन बघत बसले होते, तिसऱ्या दिवशी कुणी बघंना, तवाच कळलं सुधारणा आहे. कॅनॉलच्या पुलावर हँडब्रेकची दोन दिवस. एक अडचण, हँडब्रेक सोडायला मला उशीर होतो अन् गाडी बसल्यावानी होते.

पान्हा_परभणी:

बोनेट उचललं, रेस दिली की सोडायचा. सोडताना बटण दाबलेलं ठेवून हळू खाली न्या, झटक्यानं टाकू नका. गाडी बसते म्हणजे क्लच बरोबर जागी आलाय, आनंद माना.

काळीमाती२४:

जाऊन आलो. माय, मावशी, मावशीची जाऊ अन् एक पोतं, त्यात काय होतं ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पहाटे साडेतीनला निघालो. जाताना एकदाही बंद नाही. येताना वर चढायला लागलो अन् रांग लागली, अकरा वेळा थांबून निघावं लागलं, मोजलं मी, दहा वेळा बरोबर, एकदा पडली. मागच्या जीपवाल्यानं हॉर्न दिला तर मायनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांब म्हणून खुणावलं अन् मला म्हणली, "सावकाश घे, त्याला काय दूध घालायचंय का डेअरीला." हँडब्रेक ओढून परत चालू केली अन् निघालो. वास नाही, कर्रर्र नाही.

मेव्हण्याला अजून सांगितलं नाही. दिवाळीला सासुरवाडीला मीच चालवत नेलेली ते त्यानं नशीब म्हणून काढलं होतं.

आता दुसरीच अडचण. गोठ्यापाशी लिंबाखाली गाडी लावतो, काल शेळी बोनेटवर चढून लिंबाचा पाला खात होती. खुरांचे बारीक ओरखडे उठलेत, नखानं लागत नाहीत पण उन्हात दिसतात. याला काय लावावं?

पान्हा_परभणी:

नखाला लागत नसतील तर बारीक रबिंग कंपाउंड अन् पॉलिश, अर्ध्या तासाचं काम. शेळी दुसरीकडं बांधा आधी.