चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण कोण?

प्रश्न: रविवारी तरुणांच्या गटात बायबलमधला लूक 10:25-37 घ्यायचा आहे: लुटारूंनी जखमी केलेल्या माणसाला याजक (मंदिरातला पुरोहित) टाळून जातो, पण शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो, हा येशूचा दाखला. सगळे लगेच 'मी शोमरोनी' म्हणतात आणि चर्चा तिथेच संपते. काय करावे?

उत्तर 1: आधी जखमी माणसाच्या जागी बसवा. ऐकणारे यहुदी होते, शोमरोन्यांशी त्यांचे हाडवैर. अर्धमेल्या अवस्थेत डोळे उघडावेत आणि जखमांवर तेल-द्राक्षारस ओतणारा हात नेमका शोमरोन्याचाच निघावा! 'माझा शेजारी कोण?' असे येशूला विचारणारा शास्त्री (धर्मशास्त्राचा जाणकार) शेवटीही 'शोमरोनी' म्हणत नाही, 'दया करणारा' म्हणतो. इथे दोन मिनिटे शांत थांबा.

उत्तर 2: याजकाला 'मंदिरात सेवा होती' ही सबब देऊ नका. 31वे वचन नीट वाचा: तो वाट उतरत होता, म्हणजे जिथे मंदिर होते त्या यरुशलेमेकडे पाठ.

उत्तर 3: उतारशाळेचा मालक चर्चेतून हमखास सुटतो. शोमरोनी त्याला देतो ते दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी, वर 'जास्त लागले तर परत येताना देईन' हा नुसता शब्द. रोजची शुश्रूषा त्याच्याच गळ्यात. घरी आजारी माणसाचे करणाऱ्यांना ही भूमिका द्या, ते बोलतील. आणि 'माझा शेजारी कोण?' हा प्रश्न येशू उलटवतो: शेजारी कोण झाला? फळ्यावर दोन्ही प्रश्न लिहूनच सुरुवात करा.