मदत हवी आहे: मंडळीतल्याच भावाने उसने पैसे थकवले तर?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका भावाने मुलीच्या लग्नासाठी यजमानांकडून चाळीस हजार उसने घेतले. आता विषय काढला की "प्रभू पुरवील, ताई" म्हणतो आणि उपासना संपताच मागच्या दाराने पसार!

बायबलमधल्या मत्तय 18:15-17 प्रमाणे आधी एकांतात बोललो, मग मंडळीच्या दोघा वडीलजनांना घेऊन गेलो. पुढची पायरी मंडळीला सांगण्याची. पण मुलगी नुकतीच सासरी गेलीय, चारचौघांत तिची नाचक्की नको वाटते. यजमान म्हणतात, सरळ वकिलाची नोटीस धाडू. बायबलमधल्याच 1 करिंथ 6 मध्ये तर प्रेषित पौल म्हणतो, भावाभावांनी कोर्टात जाण्यापेक्षा नुकसान सोसावं. नुसती नोटीसही त्यात धरायची का? कोणी पाळकांना (पास्टरांना) मध्ये घालून हप्ते ठरवून घेतलेत का? कागदावर लिहून घेतलंत की तोंडीच?