गरम सल्फ्युरिकमध्ये कॅलोमेल रोज वेगळा आकडा दाखवतोय, कोणता रेफरन्स इलेक्ट्रोड घेऊ?

चहा_आणि_टाफेल
नमस्कार. एमएस्सीचं दुसरं वर्ष. प्रोजेक्ट ३०४ आणि ३१६ एल या स्टेनलेस स्टीलच्या गंजण्यावर: २० टक्के सल्फ्युरिक ॲसिड, ६० अंश सेल्सिअस. लॅबमध्ये रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत स्टीलचं पोटेन्शियल मोजतो तो) एकच, सॅच्युरेटेड कॅलोमेल, म्हणजे पारा आणि त्याच्या क्लोराइडचा, माझ्या आधीच्या दोन बॅचनी वापरलेला. तोच सरळ सेलमध्ये बुडवते. ३०४ चं ओपन सर्किट पोटेन्शियल (बाहेरून करंट न देता दिसणारं) सोमवारी −०.३२ व्होल्ट, बुधवारी −०.२८, आणि शुक्रवारी तर अर्ध्या तासात १५ मिलिव्होल्ट सरकलं. गाइड म्हणतात, कूपन, म्हणजे स्टीलचा तुकडा, नीट घासत नाहीस. घासून घासून अंगठ्याची कातडी गेली. सिल्व्हर क्लोराइडचा घेऊ का? बजेट बेताचं आहे.

निळा_थोथा
घेऊन टाक. स्वस्त, पाऱ्याची भानगड नाही, आणि कॅलोमेलपेक्षा उष्णता जास्त सोसतो.

पाऱ्यावरचा_म्हातारा
ताई, अंगठ्याला मलम लाव आणि कूपनला दोष देणं थांबव. निळा थोथा म्हणतात ते उष्णतेपुरतं खरं, पण तुझं दुखणं दोन ठिकाणी आहे आणि त्यांच्या औषधाने एकच बरं होईल.

पहिलं, उष्णता. कॅलोमेल ५० अंशांच्या वर नेऊ नये. आतला मर्क्युरस क्लोराइड फुटून पारा आणि मर्क्युरिक क्लोराइड होतो, आणि इलेक्ट्रोड गार केला तरी लगेच मूळ आकड्यावर येत नाही. तुझा सोमवार बुधवारपर्यंत पोचतो तो असा.

दुसरं, गळती. फ्रिट, म्हणजे इलेक्ट्रोडच्या टोकाची सच्छिद्र चकती, हे भोकच, फक्त बारीक. त्यातून पोटॅशियम क्लोराइड तुझ्या ॲसिडमध्ये झिरपत राहतो. स्टेनलेसचा पापुद्रा क्लोराइडनेच तर फुटतो. सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडमध्येही तेच मीठ भरलेलं असतं. मागे एका पोराने सल्फ्युरिकमध्ये साध्या लोखंडावर वनस्पतीच्या अर्काचा इनहिबिटर (गंज रोखणारं द्रव्य) तपासला होता. आकडे फार सुंदर. पण क्लोराइड स्वतः लोखंडाला चिकटतो आणि अर्कातल्या धनभारित रेणूंना धरून ठेवतो, म्हणजे निम्मं काम फ्रिट करत होती.

खात्री करून घे. चाचणी झाली की सेलमधलं ॲसिड गार करून परीक्षानळीत थोडं घे, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाक; गढूळ झालं तर क्लोराइड आहे. शेजारी न वापरलेलं ॲसिडही ठेव.

सल्फ्युरिकला मर्क्युरस सल्फेटचा इलेक्ट्रोड. आत सल्फेट, बाहेर सल्फेट, गळला तरी घरचाच. पण तोही गरम सेलमध्ये घालू नकोस. खोलीच्या तापमानाला वेगळ्या बीकरमध्ये ठेव, सॉल्ट ब्रिजमध्ये, म्हणजे दोन्ही भांडी जोडणाऱ्या नळीत, तुझंच २० टक्के ॲसिड भर आणि ब्रिजचं दुसरं टोक लगिन कॅपिलरी (निमुळती बारीक नळी) करून कूपनजवळ आण. टोकाच्या जाडीच्या दुप्पट अंतर ठेव, त्याहून जवळ नेलंस तर करंट अडून कूपनवर सावली पडते.

जंक्शनचे, म्हणजे दोन वेगळे द्रव भेटतात तिथले, काही मिलिव्होल्ट तरी राहणारच. पोटॅशियम सल्फेट १०० मिली पाण्यात जेमतेम १२ ग्रॅम विरघळतो, पोटॅशियम क्लोराइडसारखा दाट द्रव होत नाही, म्हणून हायड्रोजन आयनांची घाई त्याला झाकता येत नाही. पण मांडणी तीच ठेवलीस तर चूकही जवळपास तेवढीच राहते, आणि ३०४ विरुद्ध ३१६ एल एवढ्याला ते पुरे.

आणि आकडा बघून घाबरू नकोस. हायड्रोजनच्या तुलनेत कॅलोमेल +०.२४ व्होल्ट, हा मर्क्युरस सल्फेटवाला सुमारे +०.६४.

निळा_थोथा
गळतीचं डोक्यात आलं नाही. मी हायड्रोक्लोरिकमध्ये काम करतो, तिथे सगळीकडे क्लोराइडच.

पाऱ्यावरचा_म्हातारा
एक मोलर हायड्रोक्लोरिक असेल तर तुमचा इलेक्ट्रोड मजेत चालेल. तीव्र झालं की सिल्व्हर क्लोराइड विरघळायला लागतो, तेवढं सांभाळा. आणि मर्क्युरस सल्फेट तिथे नेऊ नका, त्याचाच कॅलोमेल होईल.

टाकीवाला
आमच्याकडे पिकलिंगला (ॲसिडने धातूवरचा थर काढायला) नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिकचं मिश्रण. पहिल्याच आठवड्यात काचेचा इलेक्ट्रोड दुधासारखा पांढरा झाला, फ्रिटची तर चाळणी. आता टेफ्लॉनच्या बॉडीचा वापरतो. परक्लोरिकमध्ये काम करणाऱ्यांनी पोटॅशियमच टाळावं, परक्लोरेटचा साका बसून फ्रिट बुजते. आम्ही आत सोडियम क्लोराइड भरायचो.

चहा_आणि_टाफेल
काका, नायट्रेट टाकलं. ताजं ॲसिड पाण्यासारखं स्वच्छ, सेलमधलं ताकासारखं गढूळ. आमचा कॅलोमेल शेजारच्या विभागातल्या नव्या कॅलोमेलसमोर सॅच्युरेटेड पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवून मल्टिमीटर लावला तर २२ मिलिव्होल्ट फरक!

पाऱ्यावरचा_म्हातारा
पाचच्या आत हवा. त्याला आता पेन्शन. बेसिनमध्ये मात्र ओतू नकोस, पाऱ्याच्या कचऱ्याच्या बाटलीत जाऊ दे.

चहा_आणि_टाफेल
मर्क्युरस सल्फेटचा उसना मिळाला. ब्रिज भरताना दोनदा हवेचा बुडबुडा अडकला आणि पोटेन्शिओस्टॅट वेड्यासारखा करायला लागला, तिसऱ्यांदा जमलं. ३०४ ला −०.७२ दिसलं तेव्हा धस्स झालं, मग ०.४ मिळवले. तीन दिवस, तीन कूपनं, सगळी ४ मिलिव्होल्टच्या आत. गाइडना परीक्षानळ्या नेऊन दाखवल्या. बराच वेळ उजेडात धरून बघत होते. मग म्हणाले, "बरं. पण कूपनही नीट घासत जा."